चोलोनचे होय क्वान बघायला निघालात? थांबा, आधी क्रम समजून घ्या

आमच्याकडे सायगॉनला पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी चोलोनचा, म्हणजे इथल्या जुन्या चिनी वस्तीचा, विषय निघतोच आणि संध्याकाळी घरी आल्यावर रडगाणं पण ठरलेलं, "अगं एकच देऊळ बघितलं, नुसता धूर, दहा मिनिटांत बाहेर." म्हणजे काय तर थिएन हाउ या समुद्रदेवीच्या देवळात घुसले, वर लटकणाऱ्या उदबत्तीच्या गुंडाळ्यांचा फोटो काढला, डोळे चोळत बाहेर आले, गाडी बोलावली, झालं चोलोन. अहो चालत जाण्याच्या अंतरात तसे पाच-सहा होय क्वान अजून आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. सहा वर्षांत इतक्या जणांना फोनवर तेच तेच सांगितलंय की शेवटी म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

इतिहास सांगत बसत नाही, कामापुरतं सांगते.

१. आधी नाव वाचा, नावातच पत्ता आहे

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक होय क्वानला "चायनीज टेंपल" म्हणतात आणि मग एक बघितलं की सगळी बघितली असं वाटतं. होय क्वान म्हणजे नुसतं देऊळ नाही, एका भागातून आलेल्या, एक बोली बोलणाऱ्या लोकांनी परमुलखात बांधलेलं आपलं एकत्र यायचं घर, मधोमध देव आणि बाजूच्या खोल्यांत बैठका, हिशेब, अडल्यानडल्याला मदत. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड असतात ना, एका गावाचं एक कूड, आत वेदी, बोटीवर नोकरीला जाणारा पोरगा तिथेच उतरायचा, साधारण तसला प्रकार समजा. इथे कँटनी, तेओच्यू, फुजियानी, हाक्का आणि हायनानी असे पाच मोठे गट, आणि कुठला होय क्वान कोणाचा ते बहुतेक वेळा नावावरूनच कळतं.

तुए थान होय क्वान, म्हणजे सगळे ज्याला थिएन हाउचं देऊळ म्हणतात ते. तुए थान म्हणजे धान्याच्या लोंब्यांचं शहर, हे ग्वांगझोउचं जुनं टोपणनाव, म्हणजे हे कँटनी लोकांचं. न्गिआ आन हे चाओझोउचं जुनं नाव, म्हणजे तेओच्यू लोकांचं, त्यांच्यासोबत हाक्का पण आहेत. फुजियान प्रांताचे तर एकट्याचेच चार आहेत, कारण त्यांच्यात पुन्हा जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं: ओन लांग हे च्वानझोउचं जुनं नाव, हा चुओंग म्हणजे झांगझोउवाले, ताम सोन म्हणजे तीन टेकड्या म्हणजे फुझोउ, आणि न्यी फू म्हणजे "दोन जिल्हे", च्वानझोउ आणि झांगझोउ दोघांचं मिळून. क्विन्ह फू हायनानवाल्यांचं.

ही यादी फोनमध्ये टाकून ठेवा. दारावरची पाटी चिनी असली तर उजवीकडून डावीकडे वाचायची असते, आपल्याला येत नाही ते सोडा, पण गेटवर व्हिएतनामी नाव पण असतं त्याच्याशी जुळवा.

तपासा: "आज मी कोणाच्या घरी चाललोय" याचं उत्तर गाडीत बसायच्या आधी देता यायला हवं. नसेल येत तर अजून पाच मिनिटं घरीच बसा.

२. तारीख बघा, पण आपल्या कॅलेंडरवरून अंदाज लावू नका

त्यांचा महिना चंद्रावर चालतो, पहिला दिवस आणि पंधरावा दिवस हे गर्दीचे. पंधरावा म्हणजे आपली पौर्णिमा किंवा फार तर एक दिवस इकडे तिकडे. पहिल्या दिवसाचा मात्र घोळ होतो, कारण त्यांचा महिना अमावस्येच्या क्षणाचा दिवस धरून सुरू होतो, त्यामुळे तो कधी आपल्या अमावस्येला पडतो कधी प्रतिपदेला. कालनिर्णय बघून "आज प्रतिपदा, आज गर्दी" असं ठरवलंत तर कधीकधी एक दिवस उशिरा पोचाल. इथल्या कुठल्याही भिंतीवरच्या कॅलेंडरवर चांद्र तारीख छोट्या आकड्यात छापलेली असते, हॉटेलच्या काउंटरवरचं बघा, विषय संपला.

आता गर्दी हवीये का नको ते तुमचं तुम्ही ठरवा. शांतपणे छपरं आणि कोरीवकाम बघायचं असेल तर हे दोन दिवस टाळा. माणसं पूजा कशी करतात ते बघायचं असेल तर हेच दिवस, पण सकाळी सातलाच.

मोठे दिवस दोन लक्षात ठेवा. पहिल्या महिन्याच्या पंधरावीला न्गुयेन तिएउ, तेव्हा न्गिआ आनला पाय ठेवायला जागा नसते. २०२४ ला हा दिवस २४ फेब्रुवारीला आला, म्हणजे आपली माघी पौर्णिमा. म्हणून दर वर्षी माघीच धरून बसू नका, कारण अधिक महिना त्यांच्याकडे आणि आपल्याकडे एकाच वेळी येतो असं नाही, त्यांच्याकडे २०२५ मध्ये सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ चा, म्हणून २०२६ ला न्गुयेन तिएउ थेट होळीच्या पौर्णिमेवर जाऊन पडली. दुसरा दिवस तिसऱ्या महिन्याची तेविसावी, थिएन हाउचा जन्मदिवस, आपल्या हिशेबानं चैत्र नाहीतर वैशाखाचा वद्य पक्ष.

वेळ: पहाटेपासून उघडं असतं, पण दुपारी साडेचार-पाचला बरेच जण दार ओढायला लागतात. "आधी मार्केट करू मग देऊळ" हा क्रम चुकीचा, बरोब्बर उलटं करा.

३. लोकेशन टाकताना तीन ठिकाणी फसाल

पहिला फसवा प्रकार "चुआ बा". चुआ बा म्हणजे देवीचं देऊळ. सुरुवातीच्या दिवसांत मी टॅक्सीवाल्याला मोठ्या ऐटीत नुसतं "चुआ बा" सांगितलं, त्यानं आरशात माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पाच मिनिटांत आणून सोडलं ते त्रुओंग दिन्हवरच्या मारिअम्मन देवळापाशी. त्याला इथले लोक चुआ बा आन म्हणतात, भारतीयांची देवी. बाई भारतीय दिसतीये म्हणजे तिला तिथेच जायचं असणार, त्याचं तरी काय चुकलं.

दुसरा, मॅपवर "थिएन हाउ" टाकलं की थू दाउ मोतचं देऊळ पण येतं. ते पण प्रसिद्ध, पण तीसेक किलोमीटर लांब, बिन्ह दुओंगमध्ये. पूर्वी निदान प्रांताचं नाव वेगळं दिसायचं, १ जुलै २०२५ पासून बिन्ह दुओंग हो चि मिन्ह शहरातच, म्हणजे सायगॉनातच, आलं, त्यामुळे पत्त्यात शहर एकच दिसतं आणि माणूस बिनधास्त बुक करतो.

तिसरा, होय आनचे होय क्वान. इंटरनेटवरचे निम्मे फोटो तिथलेच असतात. ते मध्य व्हिएतनाममध्ये, तिथे तिकीट असतं. चोलोनला तिकीट नाही, कोणी दारात मागितलंच तर तो देवळाचा माणूस नाही.

मग नीट काय करायचं, तर घर नंबरासकट रस्ता टाकायचा: थिएन हाउ ७१० न्गुयेन त्राय, न्गिआ आन ६७८ न्गुयेन त्राय, हा चुओंग ८०२ न्गुयेन त्राय, ताम सोन ११८ त्रिएउ क्वांग फुक, ओन लांग १२ लाओ तू, न्यी फू २६४ हाय थुओंग लान ओंग. जुन्या पत्त्यांत "क्वान ५" म्हणजे पाचवा जिल्हा लिहिलेलं असतं, तो जिल्हा आता कागदावर नाही, नवीन वॉर्डाचं नाव चो लोन आहे, पण लोक अजून क्वान ५ च म्हणतात आणि ड्रायव्हरला तेच कळतं.

शहराच्या मध्यातल्या बेन थान्ह मार्केटपासून पाच-सहा किलोमीटर. ग्रॅब, म्हणजे फोनवरून बोलावायची टॅक्सी, सोपं. बसनं जायचं तर १ नंबरची बस बेन थान्हहून चोलोन बस स्टेशनला जाते. मेट्रोनं जाऊ म्हणू नका, डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली लाइन १ बेन थान्हहून बरोब्बर उलट्या दिशेला जाते.

४. पिशवीत काय, अंगावर काय

सुती कपडे, खांदे-गुडघे झाकलेले. सुती का ते सांगते, गुंडाळ्यांची राख वरून टपकते आणि कधीमधी तिच्यात विस्तव असतो. आमच्या मामीच्या कोऱ्या सिंथेटिक साडीला पदरावर तीन भोकं पडली, तिखटाच्या दाण्याएवढी, आणि मामी अजून त्याचा दोष मलाच देते.

मास्क, पाणी, डोळ्यांत टाकायचे ड्रॉप्स. दमा असेल तर गर्दीच्या दिवशी जाऊच नका, हे मी खरंच सांगतेय.

सुट्टे पैसे. दहा हजार, वीस हजार डाँगच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

सावधान: वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळसर आहेत. दानपेटीत एकदा गेली की गेली, देवाला परत कसं मागणार. पाच लाखाच्या नोटा घरीच ठेवा.

५. पायी फिरायचा क्रम

साडेसातला न्गिआ आनपासून सुरू करा. तिथून पुढे थिएन हाउ दोन मिनिटांवर, मग त्रिएउ क्वांग फुकवरचं ताम सोन, परत न्गुयेन त्रायला येऊन हा चुओंग, मग ओन लांग, आणि पायांत जीव असेल तर शेवटी हाय थुओंग लान ओंगवरचं न्यी फू. सगळे थिएन हाउपासून सुरू करतात आणि तिथेच धुरानं दमतात, म्हणून मी ते दुसऱ्या नंबरावर ठेवते.

प्रत्येक ठिकाणी आत शिरायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छप्पर बघा, ही सवय लावाच. थिएन हाउच्या छपरावर चिनीमातीच्या माणसांची अख्खी जत्रा आहे, १९०८ साली बसवलेली, नाटकातले प्रसंग, घोडेस्वार, मारामाऱ्या. कँटनी छपराची कड साधारण सरळ असते. फुजियानी छप्पर दोन्ही टोकांना होडीसारखं वर वळतं. दोन ठिकाणी हा फरक बघितलात की तिसऱ्या ठिकाणी पाटी न वाचता तुम्ही स्वतःच सांगाल कोणाचं घर ते, आणि मग फिरण्यात मजा येते.

कुठे काय चुकवू नये ते पटकन सांगते. न्गिआ आनला देव क्वान कोंग, लाल चेहऱ्याचा सेनापती, आणि त्याचा लाल घोडा, घोड्याच्या गळ्यातल्या घंटा वाजवून लोक पोटाखालून वाकून जातात, न्गुयेन तिएउला तर त्याचीच रांग. ताम सोनला मे सान्ह ही देवी आहे, मूल व्हावं म्हणून बायका येतात, तिथे कॅमेरा खाली ठेवा, कुणाच्या तरी आयुष्यातला नाजूक क्षण असतो तो. हा चुओंगला अखंड दगडातले चार खांब, त्यांना ड्रॅगनांनी वेढे घातलेत, जवळ जाऊन खवले बघा. ओन लांगला लोक क्वान आमचं, म्हणजे करुणेच्या देवीचं, देऊळ म्हणतात पण पुढच्या मानाच्या जागी थिएन हाउ आहे, क्वान आम मागच्या चौकात, बरेच जण पुढूनच नमस्कार करून परत फिरतात आणि म्हणतात क्वान आम दिसलीच नाही. न्यी फूला देव ओंग बोन, त्याला लोक चाउ दात क्वान मानतात, म्हणजे १२९६ ला कंबोडियातल्या अंगकोरला जाऊन आलेला तो चिनी राजदूत.

६. उंबरठ्यापासून चौकापर्यंत

चपला काढू नका. हो, नका काढू. आपला हात आपोआप चपलेकडे जातो, मावशीनं एकदा थिएन हाउच्या पायरीवर कोल्हापुरी काढून ठेवली आणि आत गेली, बाहेर आली तर झाडणाऱ्यानं ती कचरा समजून बाजूला सारलेली. इथे लोक चपला-बूट घालूनच आत जातात. कुठे आतल्या एखाद्या खोलीबाहेर चपलांची ओळ दिसली तरच काढा.

उंबरठा उंच असतो, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याला नवीन नाही, आजीच्या हातचा फटका आठवा. टोपी काढा, गॉगल काढा.

आत पहिला भाग, मग मधे उघडा चौक, वर आभाळ, मग मुख्य गाभारा. तो चौक म्हणजे वाड्यातल्या चौकासारखाच, उजेड आणि धूर दोघांची सोय. थांबायचं असेल तर तिथे कडेला थांबा, उदबत्त्या खोचायच्या मधल्या मोठ्या कुंडाच्या आणि गाभाऱ्याच्या मधे उभं राहू नका, ती नमस्कार करणाऱ्यांची वाट आहे. सेल्फीवाले नेमके तिथेच उभे असतात.

दाराबाहेरचे दोन प्रकार: एक, कोणीतरी हातात उदबत्त्यांचा जुडगा कोंबतं आणि मग पैसे मागतं, हात मागे बांधून चाला, उदबत्ती आत मिळते. दोन, पिंजऱ्यातल्या चिमण्या, पैसे देऊन सोडायच्या आणि पुण्य कमवायचं. त्या सोडण्यासाठीच पकडलेल्या असतात, तुम्ही घेतलीत की उद्या अजून पकडतील. नका घेऊ.

७. उदबत्ती, इथे क्रमच सगळा

करायलाच पाहिजे असं काही नाही, नुसते हात जोडलेत तरी कोणी काही म्हणत नाही. करणार असाल तर असं करा.

पहिल्यांदा भिंतीवरची पाटी बघा, किती काड्या लावायच्या ते लिहिलेलं असतं, धूर कमी व्हावा म्हणून. आकडा नसेल तर एका कुंडात एक नाहीतर तीन, जोडीनं लावायच्या नाहीत. पेटवल्यावर फुंकर मारायची नाही, हातानं हलवून विझवायची ज्योत.

मग सुरुवात आभाळापासून. चौकातल्या कुंडापाशी आभाळाकडे तोंड करून, म्हणजे गाभाऱ्याकडे पाठ होते, आपल्याला हे फार अवघड जातं, देवाकडे पाठ कशी करायची, पण तिथली रीत तीच आहे, आधी वरचा मग घरचा. काड्या दोन्ही हातांत धरून कपाळाच्या उंचीला, तीनदा वाकायचं, मग खोचायची. त्यानंतर मुख्य देव, त्यानंतर बाजूचे. थिएन हाउला मुख्य गाभाऱ्यात ती स्वतः, आणि दोन बाजूंना किम होआ आणि लाँग माउ या दोघी देवी. बहुतेक लोक मधे लावून पळतात, बाजूच्या दोघी तशाच राहतात.

बरेच जण काडी डाव्या हातानं खोचतात, बघून दचकू नका.

थांबा आणि बघा: काडी कुंडात सरळ उभी आहे ना? तिरकी असेल तर शेजारच्याच्या हाताला चटका बसतो. आणि मागे वळताना सावकाश, मागच्याच्या हातातही पेटत्या काड्या असतात.

८. कौल लावायचाय?

बांबूच्या नळीतल्या काड्या हलवून भविष्य बघतात त्याला सिन साम म्हणतात, आणि पर्यटक त्याचा खुळखुळा करतात. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा कसं एकच प्रश्न स्पष्ट विचारायचा असतो, तसंच आहे हे.

गुडघ्यावर बसा. मनात नाव, जन्मसाल, कुठून आलात ते सांगा, मग एकच प्रश्न. "नोकरी आणि लग्न आणि घर" नाही. नळी थोडी तिरकी धरून हळूहळू हलवा, एक काडी बाहेर पडेपर्यंत. दोन-तीन एकदम पडल्या तर आत टाकून पुन्हा. पडली की लगेच पळायचं नाही, तिथे चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे असतील तर ते जमिनीवर टाकून विचारायचं की हीच का. एक सपाट बाजू वर आणि एक फुगीर वर आली तर हो, दोन्ही सारख्या आल्या तर नाही, मग काडी परत आत. हो मिळालं की काडीवरचा नंबर बघून चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर ओव्या असतात, चिनीत नाहीतर व्हिएतनामीत, फोनचं भाषांतर ओव्यांचा पार चुथडा करतं, त्यापेक्षा काउंटरवरच्या आजोबांना दाखवा, ते चेहऱ्यावरूनच सांगतात चांगली की वाईट.

९. गुंडाळी टांगायची असेल तर

त्या शंकूसारख्या गुंडाळ्या फोटोसाठी नाहीत, प्रत्येकीवर एक कागद लटकतो आणि त्यावर कोणाचं तरी नाव असतं. आतल्या काउंटरवर सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे, नाव कागदावर लिहायचं, ते लोक लांब काठीनं वर टांगतात. कित्येक दिवस जळत राहते. नाव स्वतः लिहिताना देवनागरीत लिहिलं तरी चालतं, मी लिहिते, थिएन हाउच्या छताखाली आमच्या आईचं नाव महिनाभर मराठीत डुलत होतं. खाली उभं राहून वर बघत फोटो काढताना मात्र तोंड मिटलेलं ठेवा, राख थेट जिभेवर येते, अनुभवाचे बोल.

१०. बाहेर पडल्यावर

फोटो सगळे शेवटी काढा, फ्लॅश बंद, गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नाही. न्यी फूहून निघालात की तोच रस्ता औषधी मुळ्या-सालींच्या दुकानांचा, वासानंच कळेल, पोत्यांतून काय काय ठेवलेलं असतं, हात लावण्याआधी विचारा. मार्केट बघायचं असेल तर बिन्ह ताय तिथून पुढे.

जेवण. पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले पुष्कळ लोक शाकाहारी खातात म्हणून त्या दिवशी देवळांच्या आसपास शाकाहारी जेवण सहज मिळतं, एरवी शोधावं लागतं. पाटीवर शब्द बघायचा "चाय". कोम चाय म्हणजे शाकाहारी भात-भाजी, आन चाय म्हणजे मी शाकाहारी खातो. तरी एकदा विचारून घ्या नुओक माम नाही ना, ती माशाची चटणी, साध्या हॉटेलात ती भाजीतसुद्धा जाते. आणि उन्हात फिरून डोकं दुखतंय म्हणून खुर्चीत बसून नुसतं "चाय, चाय" म्हणालात तर समोर टोफूची थाळी येईल, चहा हवा असेल तर त्रा म्हणा, तो पण बर्फ घालून येतो.